मामा, महागुरू आणि लक्ष्या

मंडळी, विषय मोठा आहे. आपल्या पिढीचे लाडके कलावंत म्हातारे होतात, काही अकाली जातात, तेव्हा आपण प्रेक्षक नेमकं काय करतो? मी हा विषय चार नटांपुरताच घेणार आहे. चौघंही १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तले. म्हणजे कथानक सांगायला नको, तुम्हाला ते पाठ आहे.

तेव्हाची त्यांची वयं बघा. अशोक सराफ ४१, लक्ष्मीकांत बेर्डे ३३, दिग्दर्शनही करणारे सचिन ३१ आणि सिद्धार्थ रे २५. पुण्यात खोली शोधत फिरणारा धनंजय माने चाळिशी ओलांडलेला होता, हे किती जणांच्या लक्षात आलं होतं? टीव्हीवर सिनेमा लागला की आपण तो पुन्हा बघतो आणि ते चौघं आपल्याला एकाच वयाचे वाटतात. पुढे मात्र त्यांची वयं फार वेगवेगळ्या वाटांनी गेली. सिद्धार्थ रे मार्च २००४ मध्ये गेले, चाळिशीत. त्याच वर्षी १६ डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. चारातले दोघं एकाच वर्षात.

आता एक गंमत सांगतो, भाषेतली आहे. आपण अशोक सराफांना ‘अशोकमामा’ म्हणतो. सचिनना ‘एका पेक्षा एक’पासून ‘महागुरू’ म्हणायला लागलो. त्यात थोडी थट्टाही असते, ते असो. मामा काय, महागुरू काय, ही म्हातारं होता येण्यासारखी नावं आहेत. मामाचे केस पांढरे झाले तर आपल्याला धक्का बसत नाही, मामानं वडीलधारं असायचंच असतं. पण ‘लक्ष्या’? लक्ष्या म्हणजे गल्लीतला पोरगा. ज्याला आपण एकेरीत हाक मारतो आणि जो हाकेसरशी पळत येतो, तो. पन्नाशीच्या माणसाला हे नाव शोभत नाही, आणि आपण तर ते कधी सोडलंच नाही. सिद्धार्थ रे यांच्या वाट्याला तर टोपणनावही आलं नाही. लोक त्यांना आजही ‘शंतनू’ म्हणूनच ओळखतात.

या नावाची किंमत लक्ष्मीकांत बेर्डे यांनी हयातीतच मोजली, असं माझं म्हणणं आहे. ‘टूरटूर’ नाटकापासून त्यांची जी शैली लोकांना आवडली ती वेगाची होती. वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य, गोंधळलेले डोळे, पडणं, धडपडणं, सावरणं. ही शरीराची विनोदबुद्धी आहे आणि शरीर थकतं. कुठल्याही विनोदी नटाला चाळिशीत कुठेतरी दुसरी चाल शोधावी लागते. त्यांनी ती शोधली होती. १९९२ चा ‘एक होता विदूषक’ बघा. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. तमाशातला सोंगाड्या आबूराव सिनेमाचा नट होतो, पुढे राजकारणाच्या जाळ्यात ओढला जातो. लक्ष्मीकांत तेव्हा अडतीसच्या आसपास होते. यात ते थांबतात. हशा ओसरल्यावरचा त्यांचा चेहरा कॅमेरा आपल्याला दाखवतो, आणि त्या चेहऱ्यावर वय आहे. साठीतला लक्ष्मीकांत कसा दिसला असता, याचा एवढाच पुरावा आपल्याकडे आहे. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’ आला आणि आपण बोलक्या बाहुल्यावर जीव टाकला! तो सिनेमा वाईट आहे असं अजिबात नाही, मलाही आवडतो. पण कुणाला काय करू द्यायचं, याचा कौल आपण दिला.

अशोक सराफांना हा कौल वेगळा मिळाला. १९९५ साली ‘हम पाँच’मध्ये ते पाच मुलींचे बाप झाले, तेही पन्नाशीच्या आत. ‘व्हॅक्यूम क्लीनर’ हे नाटक त्यांनी सत्तरी उलटल्यावर निर्मिती सावंत यांच्यासोबत केलं. त्यात नवराबायकोची शरीरं बदलतात. म्हणजे ‘बनवाबनवी’त ज्यांनी साडी नेसली नव्हती, त्यांनी तीस वर्षांनी पुरुषाच्या कपड्यात बाई उभी केली. साडी नाही, टोप नाही, हातवारे आणि मान एवढंच. इथे वेग कमी झालेला आहे आणि त्याच्या जागी विराम आलेला आहे. माझ्या मते तो विनोद पूर्वीपेक्षा बारीक आहे. २०२५ च्या पद्मश्रीचं आपण कौतुक केलं, त्यात ‘बनवाबनवी’च्या आठवणीच जास्त होत्या. या उत्तरार्धाची समीक्षा फारशी झालेली नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आपण आणखी कठोर असतो. नटीला ‘अजून तशीच दिसते’ ही आपली सर्वांत मोठी दाद. रंजनाचा अपघात १९८७ चा, मृत्यू २००० चा. मधल्या तेरा वर्षांतली रंजना आपल्या आठवणीत जवळजवळ नाहीच.

हे सगळं आता काढायचं कारण असं की दिवंगत नटांना संगणकाच्या मदतीनं पुन्हा पडद्यावर आणायची भाषा सुरू झाली आहे. लक्ष्याचं नाव त्यात येणारच. माझा त्यावर एकच साधा प्रश्न आहे: कुठल्या वयाचा लक्ष्या आणणार? २००४ सालचा, पन्नास वर्षांचा, थकलेला नक्कीच कुणी मागणार नाही. आज असते तर सत्तरी ओलांडून गेले असते, तसाही नको असणार. सगळ्यांना १९८८ चा पार्वती झालेला लक्ष्या हवा. तो तर आपल्याकडे आहेच, पुढच्या रविवारी कुठल्या तरी वाहिनीवर लागेल. त्यासाठी संगणक कशाला? आबूराव मात्र मुद्दाम शोधून बघावा लागतो. इथल्यांपैकी किती जणांनी तो पूर्ण पाहिलाय? हात वर करा बरं.

आठ, नऊ... ठीक आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांच्यापासूनच प्रश्न घेऊ.