'देवमाणूस' : दिसणारा खुनी आणि विसरलेले बळी

रहस्यकथेत खुनी कोण हे अखेरपर्यंत झाकून ठेवावे, असा संकेत आहे. मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य'सारख्या पोलिसी मालिका पाहत वाढलेल्या पिढीला उकल शेवटी होण्याची सवय आहे. ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या 'देवमाणूस'ने हा संकेत मोडला. गावाचा लाडका डॉक्टर अजितकुमार देव तोतया आहे आणि खुनीही आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. ठाऊक नसते ते गावाला. गावाचे डोळे कधी उघडणार, हाच येथे जीवघेणा प्रश्न होतो.

या कथेमागे वास्तवाची सावली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सातारा जिल्ह्यात, वाईजवळ, डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमाला अटक झाली. पाच स्त्रिया व एक पुरुष अशा सहा जणांच्या हत्येचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. त्यांतील पहिली घटना २००३ सालची. इतकी वर्षे कुणाला संशय कसा आला नाही, असे शहरवासी विचारील. चुडाव्यासारख्या गावातून मालिका पाहणाऱ्याला उत्तर सापडते. दुखणे वाढले की पूर्णा किंवा नांदेड गाठावे लागते. अशा ठिकाणी रात्री दार ठोठावल्यावर जो उठतो, त्याची पदवी कोण तपासणार?

या विश्वासाइतकीच खुन्याला साथ देते ती गावाची जीभ. एखादी बाई नाहीशी झाली की 'गेली असेल कुणाबरोबर' एवढे म्हणून लोक मोकळे होतात. तिच्या अब्रूवर डाग पडतो आणि तिचा शोध तेथेच थांबतो. मालिकेचे आरंभीचे भाग हे कटू सत्य नेमके पकडतात. किरण गायकवाड यांचा अभिनय त्याला बळ देतो. त्यांच्या स्वरातील आर्जव हेच या खुन्याचे शस्त्र आहे. म्हणी पेरत बोलणारी सरू आजी आपल्याला हसवते, बेसावध करते, आणि पुढच्याच प्रसंगाने अंगावर काटा येतो.

मात्र रोज एक भाग या हिशेबाने कथा वर्षभर ताणली गेली, तेव्हा तोल ढळला. खुनी किती शिताफीने निसटतो, याचेच कौतुक वाढले. मृत स्त्रिया केवळ पुढील कथानकाच्या पायऱ्या उरल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले पर्व संपले; डिसेंबरात दुसरे आले आणि तोच चेहरा पुन्हा पडद्यावर अवतरला. प्रेक्षकांनीही त्याचे स्वागत केले. या दोषात आपलाही वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

तरीही पहिल्या पर्वाचे मोल मी नाकारणार नाही. ते पाहिल्यावर 'ती कुठे गेली?' हा प्रश्न आपण पुन्हा विचारू लागलो, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिलो, तर या मालिकेने आपले काम केले असे म्हणता येईल.