एक 'दिवाण', अनेक बिऱ्हाडे

गझलांच्या कोणत्याही पुस्तकाला 'दिवाण' म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. मराठी वाचकाला हा शब्द आधी दुसरीकडेच भेटतो. घरातला गादीचा दिवाण, संस्थानचा दिवाण, जमिनीचा दिवाणी दावा आणि गालिबचा दिवाण यांचे आपसांत नाते काय, असे कुणी विचारले तर आपण गप्प बसतो.

नाते आहे, आणि ते वहीचे आहे. दिवाण म्हणजे मुळात नोंदवही. दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात (६३४ ते ६४४) सैनिकांची नावे व तनखे लिहून ठेवण्याची व्यवस्था झाली, ती दिवाण. वहीवरून कचेरी, कचेरीवरून तिचा अधिकारी, आणि कचेरीत भिंतीलगत मांडलेली बैठकही दिवाणच झाली. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, ती महसुलाची. इब्न खल्दून एक गमतीदार व्युत्पत्ती सांगतो : किस्राने आपले कारकून स्वतःशी पुटपुटत हिशेब करताना पाहिले आणि त्यांना 'दीवाने' म्हटले. किस्सा झकास, व्युत्पत्ती मात्र टिकणारी नाही.

अभ्यासक हा शब्द जुन्या फारसीतल्या 'दिपि'शी, म्हणजे लेखाशी जोडतात. 'दबीर' म्हणजे लेखनिक, तोही त्याच घरचा. शिवकालातला डबीर तो हाच. शाहबाजगढीच्या अशोकलेखात तर 'लिपि'च्या जागी 'दिपि' असेच कोरले आहे, आणि आपली संस्कृत 'लिपी'ही याच दिपिवरून आली असे पुष्कळ विद्वान मानतात. मग यातला परका शब्द कोणता? फारसी-मराठी कोश रचणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीकडे वळले, याचे आम्हाला राहून राहून नवल वाटते.

वहीचा अर्थ ध्यानी धरला की काव्यातला दिवाणही उलगडतो. त्यात गझला काळाप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे येत नाहीत. शेराच्या अंत्याक्षराप्रमाणे, अलिफपासून येपर्यंत, त्या खातेवहीसारख्या लावलेल्या असतात. १८४१ मध्ये दिल्लीत छापलेला गालिबचा दिवाण याच परंपरेतला. या रचनेत कवीला अवघड अक्षरांनाही सामोरे जावे लागते, सोप्या काफियांवर भागवता येत नाही. मराठीत वाक्य क्रियापदावर, म्हणजे बहुधा स्वरावर थांबते; त्यामुळे ही कसोटी आपल्याकडे अधिकच कडक. ती ज्याने पेलली असेल त्याने खुशाल मुखपृष्ठावर 'दिवाण' छापावे. इतरांनी 'गझलसंग्रह' म्हणावे. त्यात कमीपणा कसला?