'वामन परत न आला' आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा नैतिक प्रश्न

प्रस्तावना

मराठी विज्ञानसाहित्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या लेखकांत डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे स्थान अग्रभागी आहे. 'वामन परत न आला' ही त्यांची १९८६ मधील कादंबरी. १ मे २०२५ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरास प्रारंभ झाला आणि असा हा देशातील पहिलाच जिल्हा असल्याचे सांगण्यात आले. या पार्श्वभूमीवर सदर कादंबरीतील नैतिक प्रश्न आज कितपत मार्गदर्शक ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कादंबरीतील प्रश्न

भूगर्भात सापडलेल्या पेटीतून एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती लागते आणि त्याआधारे 'वामन' हा यंत्रमानव घडविला जातो. वामनाला स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करण्याची क्षमता हवी असते. संघर्षाचे मूळ येथेच आहे. नावाची योजनाही अर्थपूर्ण आहे. पुराणातील बटूने केवळ तीन पावले भूमी मागितली आणि मागणी क्षुल्लक वाटल्याने बळीने शब्द दिला. दिलेले परत घेता येईल काय, हा प्रश्न दानाचे उदक सोडण्यापूर्वी विचारावयाचा असतो. तो विचारणारे शुक्राचार्य मात्र आपल्या भाषेत 'झारीतील शुक्राचार्य' होऊन अडथळ्याचे प्रतीक बनले. तंत्रज्ञानाच्या उत्साहात शंका घेणाऱ्याची आजही हीच गत होते.

कादंबरीची मर्यादा

असे असले तरी कादंबरीतील धोका यंत्राच्या महत्त्वाकांक्षेत आहे. कार्यालयांत आज वापरल्या जाणाऱ्या प्रणालींना अशी आकांक्षा नसते. तेथे धोका वेगळा आहे: निर्णयाचा भार यंत्रावर टाकून माणसाने मोकळे होणे. कथानकाचा भर वैज्ञानिकांवर असल्याने, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो तो सामान्य नागरिक कादंबरीत दूरच राहतो.

मालवणच्या किनाऱ्यावर हा नागरिक स्पष्ट दिसतो. अवैध मासेमारी रोखण्यासाठी जानेवारी २०२५ पासून राज्याच्या सागरी क्षेत्रात ड्रोनद्वारे टेहळणी सुरू झाली. पर्ससीन जाळ्यांच्या अतिरेकाविरुद्ध रापणकर व अन्य पारंपरिक मच्छीमारांनी दीर्घकाळ लढा दिला आहे. त्यामुळे टेहळणीचे स्वागतच व्हावयास हवे. परंतु उद्या छायाचित्रांवरून दोषी नौका ठरविण्याचे काम यंत्राकडे गेले तर? नौका निषिद्ध क्षेत्रात मासेमारीसाठी शिरली की इंजिन बंद पडून वाहत गेली, हे चित्र सांगत नाही. ते तांडेल सांगतो. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमातील २०२१ च्या सुधारणेने दंडाचा निर्णय तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आला. अधिकारी बदलला, तरी ऐकून घेणारा माणूस कायम राहिला, हे येथे महत्त्वाचे आहे. शिवाय तांडेल आपली बाजू मालवणीत मांडणार. या बोलीचे लिखित साहित्य अल्प असल्याने लिखित मजकुरावर पोसलेल्या प्रणालीला ती कितपत उमजेल, हाही न्यायाचाच प्रश्न आहे.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने अतिजोखमीच्या प्रणालींवर मानवी देखरेख बंधनकारक मानली. भारताचा २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम माहितीच्या रक्षणाची तरतूद करतो; मात्र यंत्राने दिलेल्या निर्णयाचे कारण विचारण्याचा स्वतंत्र हक्क त्यात नाही.

समारोप

सारांश, नारळीकरांचा प्रश्न योग्य आहे. त्याचा रोख मात्र यंत्राकडून माणसाकडे वळवावा लागतो. यंत्राला पाऊल टाकू देण्यापूर्वी प्रशासनाने तीन अटी मान्य कराव्यात: प्रत्येक निर्णयाखाली उत्तरदायी अधिकाऱ्याचे नाव असावे, नागरिकाला निर्णयाचे कारण त्याला समजेल अशा भाषेत मिळावे आणि यंत्र चुकल्यास ते थांबवून काम हाती घेण्याची व्यवस्था शाबूत असावी. यांतील तिसरी अट सर्वाधिक दुर्लक्षित राहण्याची शक्यता आहे; कारण हाताने काम करण्याचे कौशल्य एकदा लोपले की यंत्र थांबविण्याचा अधिकार केवळ कागदावर उरतो.