विज्ञानकथेची कसोटी

मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत १९७४ सालीं ‘कृष्णविवर’ या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरें उलटीं केलेलीं, अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून प्रतहि पत्नीकडून करविलेली. केंब्रिजचें वलय बाजूस राहून कथा कथा म्हणून पारखली जावी, एवढाच हेतु.

अशा स्पर्धेच्या परीक्षकाच्या आसनावर आम्हीहि बसलों आहों. हातीं येणाऱ्या बहुतेक कथांत एक प्राध्यापक व्याख्यान देतो आणि शिष्य माना डोलावितात. (आमच्या व्यवसायाची ही खोड आम्हांस चांगली ठाऊक आहे.) त्यांतलें विज्ञान काढून घेतलें तरी पात्रांचें कांहींच अडत नाहीं. उलट, प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काल मंदावतो, हें सापेक्षतावादाचें तत्त्व घ्या. प्रवासी तरुणच परतावा आणि पिकल्या केसांच्या मुलीनें त्याला दार उघडावें! येथें तें तत्त्व वगळलें तर दुःखच उरत नाहीं. आम्ही गुण देतों ते अशा कथेला. मग तिच्यांत यंत्राचें एकहि नांव नसलें तरी चालेल.