खरे, पण अपुरे वर्णन

महाराष्ट्रात कर्जत नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. एक रायगड जिल्ह्यात, मुंबई-पुणे लोहमार्गावर. दुसरे आमचे, अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात. लिफाफ्यावर नुसते 'कर्जत' लिहिले तर ते खोटे नसते, पण पोस्टाला पुरत नाही. 414402 लिहिले की पत्र इकडे येते, 410201 लिहिले की तिकडे जाते. टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पिन कोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. खरे आणि पुरेसे यांतला हा फरक आज एका नव्या लेखनप्रकाराला लावून पाहू.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारा आपला बदल सहसा थेट मूळ प्रोग्रॅममध्ये मिसळत नाही. सहकारी तो आधी वाचतात, ओळीओळीवर शेरे लिहितात. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. आपण उत्तरपत्रिका तपासतो, तसेच काहीसे. अलीकडे हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांनाही दिले जाते. त्यासाठी एजंटाला काही 'साधने' पुरवलेली असतात: फाईल वाचण्याचे, शेरा लिहिण्याचे, तपासणी सादर करण्याचे. साधन आतून कसे चालते हे एजंटाला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते साधनाचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी. एवढ्यावरून कोणते साधन केव्हा उचलायचे हे तो ठरवतो. वर्णन चुकले, तर हुशार एजंटही चुकतो.

गिटहब या कंपनीने 2025 मध्ये एजंटांसाठी अशी साधने खुली केली. त्यांची वर्णने बारकाईने वाचण्याजोगी आहेत. गिटहबवर एखाद्या बदलावर दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक सर्वसाधारण अभिप्राय, उत्तरपत्रिकेच्या शेवटी लिहावा तसा. दुसरा विशिष्ट ओळीवरचा शेरा, समासात लिहावा तसा. 'शेरा लिहिण्याचे साधन' एवढेच म्हटले तर ते दोन्हींना लागू पडते. म्हणजे पुन्हा नुसते 'कर्जत' झाले. पहिल्या साधनाच्या वर्णनात गिटहबने ही अडचण ओळखली आहे. वापरणाऱ्याने खास तपासणीचा शेरा मागितला नसेल तरच हे साधन वापरावे, असे तिथे बजावले आहे. शेजाऱ्याची हद्द दाखवणारे हे वाक्य फार मोलाचे आहे.

दुसऱ्या साधनाच्या वर्णनात पूर्वअट दिली आहे. अपूर्ण अवस्थेतील तपासणी आधीच उघडलेली असली पाहिजे. खात्री नसेल तर वापरणाऱ्याला विचारावे. हेही चांगलेच. पण मी वाचलेल्या मजकुरात परिणाम सांगितलेला नाही. तपासणी सादर होईपर्यंत हे शेरे दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत, आणि ही गोष्ट 'अपूर्ण' या एका शब्दावर सोडून दिली आहे. एजंट शेरे लिहून 'काम झाले' म्हणेल, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापर्यंत एकही शेरा पोहोचणार नाही. तपासलेला गठ्ठा कपाटातच राहिला! 'सादर करेपर्यंत शेरे इतरांना दिसत नाहीत' हे एक वाक्य जोडले असते तरी पुरले असते.

आता रकाने पाहा. 'ओळ 12' म्हणजे कोणत्या मजकुराची? वरच्या भागात दोन ओळी नव्याने घातल्या, तर जुनी 12 वी ओळ आता 14 वी होते. यासाठी गिटहबने 'बाजू' असा निराळा रकाना ठेवला आहे. डावी म्हणजे बदलापूर्वीची स्थिती, उजवी म्हणजे नंतरची. संदर्भबिंदू सांगितल्याशिवाय स्थान सांगता येत नाही, हे आपण भौतिकशास्त्रात शिकवतोच.

कोणी म्हणेल, मग भरपूर लिहावे. तसेही नाही. साधनांची वर्णने एजंटाला कामाच्या वेळी वाचावी लागतात. पाल्हाळात कामाचे वाक्य हरवते. केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये आणि वापरल्यावर काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा भागते.

हे वर्गातही करून पाहता येईल. प्रयोगशाळेतील तापमापी आणि ताप पाहण्याची पाऱ्याची तापमापी घ्या. 'तापमान मोजण्याचे साधन' हे वर्णन दोन्हींना खरे आहे. पण दुसरीची मर्यादा सुमारे 35 ते 42 अंश सेल्सिअस. उकळत्या पाण्यात ती फुटेल. विद्यार्थ्यांना वरील तीन प्रश्न धरून दोन्हींची वर्णने लिहायला सांगा, आणि वस्तू न दाखवता ती दुसऱ्या तुकडीला द्या. कोणत्या कामाला कोणती तापमापी घ्यायची, हे त्यांनी केवळ वाचून ठरवायचे. निवड चुकली, तर आधी वर्णन पुन्हा वाचावे आणि त्यात कोणते वाक्य राहून गेले ते शोधावे.