स्ट्रेप्टोगोनोपस प्रजातीचे वर्गीकरण आणि शरीररचना : एक चिकित्सा

पावसाळ्याच्या आरंभी भंडारा जिल्ह्यात बांधीच्या धुऱ्यावर आणि मोहाच्या पाचोळ्यात दिसणाऱ्या बहुपाद प्राण्याला मराठीत 'वाणी' किंवा 'पैसा' असे म्हणतात. या एका नावाखाली निरनिराळ्या गणांतील प्राणी एकत्र येतात. स्पर्श होताच नाण्यासारखी गुंडाळी करणारा नळीसारखा लांब वाणी वेगळा आणि मोजकीच वलये असलेला, डोळे नसलेला पॉलिडेस्मिडा गणातील वाणी वेगळा. लोकव्यवहारात हा भेद नसला तरी बिघडत नाही. मात्र महाविद्यालयीन प्रकल्पांतील प्राणिसूचीत छायाचित्रावरून थेट प्रजातीचे आणि जातीचे नाव लिहिले जाते, तेव्हा त्या नावामागे कोणता पुरावा आहे हे तपासणे अगत्याचे ठरते.

स्ट्रेप्टोगोनोपस ही प्रजाती व्हिएन्ना येथील कार्ल अटेम्स यांनी 1914 साली स्थापन केली. तिच्यातील 'फिप्सोनी' ही जाती त्याआधीच, 1892 मध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या पोकॉक यांनी वर्णिली होती. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव फिप्सन यांच्यावरून हे नाव पडले. म्हणजे जाती आधी आणि आजची प्रजाती नंतर, असा हा क्रम आहे. म्हणूनच नियमानुसार पोकॉक यांचे नाव व वर्ष कंसात लिहिले जाते. हा कंस गाळणे ही केवळ मुद्रणदोषाची बाब नव्हे. जातीचे स्थान बदलल्याचा इतिहासच त्यामुळे पुसला जातो. (वृत्तपत्रांनी 'जाती' या अर्थी 'प्रजाती' हा शब्द रूढ केल्याने मराठीत हा घोटाळा अधिकच वाढला आहे, हे येथे नमूद करावयास हवे.)

अटेम्स यांनी दिलेले नाव हेच एक शारीर विधान आहे. ग्रीक भाषेत 'स्ट्रेप्टोस' म्हणजे पिळलेला आणि 'गोनोपस' म्हणजे जननपाद. पॉलिडेस्मिडा गणातील प्रौढ नराच्या सातव्या वलयावरील पुढची, म्हणजे एकूण क्रमाने आठवी पायांची जोडी चालण्याच्या उपयोगाची राहत नाही; तिचे रूपांतर शुक्रवहनाच्या अवयवात होते. हा क्रम आठवा का, याचे उत्तर वलयरचनेत आहे. पहिल्या वलयास पाय नसतात. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वलयास प्रत्येकी एक जोडी असते आणि पाचव्यापासून प्रत्येकी दोन. जननपादाच्या तळखंडावरील आकडीसारखी नलिका शुक्र पुढे पोचवते. तेथून ते एका खोबणीतून बारीक शाखेच्या टोकापर्यंत जाते आणि त्या शाखेस दुसरी शाखा आवरणासारखी साथ देते. पॅराडॉक्सोसोमॅटिडी या कुलात सुमारे 200 प्रजाती आहेत. त्या परस्परांपासून वेगळ्या काढताना मुख्य भिस्त या दोन-तीन शाखांच्या घडणीवर, वळणावर आणि पिळावर असते.

या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. बाह्यतः सारखे दिसणारे प्राणी ती निःसंदिग्धपणे वेगळे करते. परंतु मादी व पिल्ले तिच्या कक्षेबाहेर राहतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लास सात वलये आणि पायांच्या अवघ्या तीन जोड्या असतात. शेवटची कात टाकल्यावरच बहुधा वीस वलये पूर्ण होतात. त्याआधी नराचे जननपाद अपूर्ण असतात. या कुलातील वाणींचे पावसाळी थवे अनेकदा पिल्लांचेच असतात. अशा थव्याचे छायाचित्र कितीही सुस्पष्ट असले तरी प्रजातीच्या निश्चितीस ते पुरेसे नाही. रंगाचा आधार तर त्याहून दुबळा, कारण अल्कोहोलमध्ये तो उतरतो आणि जुन्या नमुन्यांशी तुलनाच होऊ शकत नाही.

भंडाऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नागझिरा व नवेगाव ही वने तिकडे गेली. त्यापूर्वीच्या नमुन्यावर केवळ 'भंडारा' एवढीच चिठ्ठी असेल तर तो नमुना आजच्या कोणत्या जिल्ह्यातला, हे सांगता येत नाही. तालुका, गाव, अधिवास आणि तारीख यांशिवाय केलेली जिल्हानिहाय नोंद म्हणूनच संशयास्पद मानावी लागते.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. विदर्भात सोयाबीन-कपाशीच्या कोवळ्या रोपांवरील वाणीची चर्चा 'कीड' म्हणून होते. वाणी हा कीटक नाही आणि बहुसंख्य वाणी कुजका पालापाचोळा खाऊन मातीचे पोषण करतात. नळीसारखे वाणी बहुधा क्विनोन स्रवतात, तर पॉलिडेस्मिडातील अनेक वाणी हायड्रोजन सायनाइड. पीक कोण खातो आणि पाचोळा कोण, हे न ठरवता फवारणी सुचवणे म्हणजे नाव न विचारता शिक्षा देणे होय.

जिल्ह्यातील प्राणिशास्त्र विभागांनी यापुढे प्रौढ नर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये जतन करून, जननपाद सूक्ष्मदर्शकाखाली विलग करून त्याची आकृती सूचीसोबत द्यावी. नर हाती नसेल तेथे 'पॉलिडेस्मिडा, अनिश्चित' एवढेच लिहिणे अधिक शास्त्रीय आहे.