शास्त्रज्ञाचें चरित्र आणि त्याचें काम

आपल्या मासिकांतून व क्रमिक पुस्तकांतून शास्त्रज्ञांचीं चरित्रें हल्लीं बरींच येतात, आणि तीं बहुतेक एकाच सांच्यांतलीं असतात. लहानसें गांव, हुशार मुलगा, परदेशगमन, पदव्या, मानपत्रें, आणि शेवटीं त्या गांवाच्या नांवाचा जयघोष. या मिरवणुकींत एकच गोष्ट हटकून गैरहजर असते. ती म्हणजे त्या गृहस्थानें आयुष्यभर केलें तरी काय! सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांवर लेख लिहून त्यांत एकाही नाटकाचा विचार केला नाहीं, तर कोणताही संपादक तो परत पाठवील. शास्त्रज्ञाच्या बाबतींत असलाच लेख आपण छापतों, आणि वाचकही तक्रार करीत नाहींत.

वाईस जन्मलेले चंद्रशेखर जोशी यांचें उदाहरण घ्या. जन्म १९५३, शिक्षण लंडन व हल येथें, पुढें लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत संशोधन, २००६ मध्यें मॅक्सवेल पारितोषिक. नेहमींचा चरित्रकार येथें लेखणी खालीं ठेवील. खरी गोष्ट येथून पुढें सुरू होते.

इलेक्ट्रॉनांस प्रचंड ऊर्जा देणारीं यंत्रें धातूच्या पोकळ नळ्यांचीं असतात. त्यांतील विद्युत्क्षेत्र एका मर्यादेपलीकडे वाढविलें कीं नळींतच ठिणग्या उडूं लागतात; म्हणून ऊर्जा वाढवावयाची तर यंत्राची लांबी वाढवीत बसावें लागतें. १९७९ मध्यें ताजिमा व डॉसन या दोघांनीं कागदावर एक तोड सुचविली. ज्याचे अणु आधींच फुटलेले आहेत अशा वायूंत, म्हणजे प्लाझ्मांत, लेसरच्या झोतानें लाट उठवावी आणि इलेक्ट्रॉनांनीं तिच्यावर स्वार व्हावें. जें आधींच मोडलें आहे तें आणखी काय मोडणार? ही कल्पना प्रत्यक्षांत उतरवून दाखविण्यांत जोशी यांचें आयुष्य गेलें.

त्यांची युक्ति मिरजेच्या तंबोऱ्यावरून चांगली समजेल. दोन तारा किंचित् विषम लागल्या, तर नाद एकसारखा न राहतां ठराविक अंतरानें फुगतो व ओसरतो. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किंचित् निरनिराळ्या तरंगलांबीचे दोन लेसर-किरण एकत्र सोडून असाच हेलकावा निर्माण केला, आणि त्याची लय प्लाझ्माच्या स्वाभाविक आंदोलनाशीं जुळविली. झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या हलक्या धक्क्यांनीं जें होतें तेंच येथें झालें. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुमारें एका सेंटिमीटरांत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २.१ वरून ९.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढली. पुढें २००७ मध्यें स्टॅनफर्ड येथें लेसरऐवजीं इलेक्ट्रॉनांच्याच झोतानें लाट उठविण्यांत आली. तेव्हां तीन किलोमीटर लांबीच्या यंत्रानें दिलेली ऊर्जा कांहीं इलेक्ट्रॉनांच्या बाबतींत अवघ्या ८५ सेंटिमीटरांत दुप्पट झाली. हें वाचल्यावर पारितोषिकाचें नांव विसरलें तरी चालेल.

आणखी एक गंमत. १९९३ च्या त्या प्रयोगांतील लेसर कार्बन डायॉक्साइड वायूचा होता. तो १९६४ मध्यें बेल प्रयोगशाळेंत निर्माण करणारे कुमार पटेल हे बारामतीस जन्मलेले व पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकलेले. बारामतीकराच्या हत्यारानें वाईकरानें काम केलें, हा धागा गांवाभिमानी चरित्रकारास आयता मिळत होता. पण कामाची चौकशीच केली नाहीं, तर धागा दिसावा कसा?

पटेलांचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. डोळ्यांवरच उपयोगी पडणाऱ्या दुसऱ्या एका लेसरच्या कथेची आपण अशीच परवड केली आहे. मिरजेस डॉक्टर वॉनलेस मोतीबिंदु काढीत, तेव्हांपासून त्या बाजूच्या लोकांस नेत्रचिकित्सेचें अप्रूप आहे. आज चष्मा घालविण्यासाठीं लेसरखालीं निजणारीं मुलें घरोघरीं आहेत. या उपचाराच्या मुळाशीं असलेले मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांच्याविषयीं आपण काय सांगतों? तर १९८१ मध्यें सणाच्या मेजवानींत उरलेल्या टर्की पक्ष्यावर त्यांनीं किरण सोडले. गोष्ट खरी आहे व मजेदारही आहे. परंतु १९३ नॅनोमीटरच्या त्या अतिनील किरणाचा प्रत्येक प्रकाशकण रेणूचे बंध तोडण्याइतका समर्थ असतो, म्हणून सूक्ष्म थर उडून जातो आणि शेजारचा भाग भाजत नाहीं, एवढीं दोन वाक्यें कोणी लिहीत नाहीं. आपल्या मुलीचा डोळा त्या यंत्राखालीं ठेवणाऱ्या आईस टर्कीपेक्षां या दोन वाक्यांची गरज अधिक आहे.

सामान्य वाचकास हें समजणार नाहीं, असें संपादक म्हणतात. श्रुतींच्या सूक्ष्म भेदावर हिरीरीनें वाद घालणाऱ्या वाचकाविषयीं हें म्हणणें मला तरी पटत नाहीं. परिभाषेची सबब त्याहून दुबळी. मराठी विश्वकोशाचें संपादन झालें तें खुद्द वाईसच. शिवाय जोशी यांचें संशोधन झालें परक्या देशांत, परक्या पैशावर. त्यांत आपलें असें कांहीं असेल तर तें मराठींत समजावून सांगणें एवढेंच. तेंही न करतां त्यांना ‘आपले’ म्हणण्याचा हक्क आपण कोठून आणतों, हें मला कळत नाहीं.

यापुढें जोशी यांच्यावर जो कोणी लिहील, त्यानें पदव्यांची यादी खुशाल तळटीपेंत घालावी आणि पहिल्या पानावर ती लाट काढून दाखवावी.